घरात शिरणारे वन्य जीव: इजा न करता बाहेर कसे काढावेत आणि पुन्हा येण्यापासून कसे रोखावेत

उजाडता उजाडता छताच्या पोकळीत कोणीतरी धावले, थांबले आणि काहीतरी कुरतडू लागले, की आपला हात आधी झाडूकडे जातो. मीही तेच केले होते. दांड्याने छत ठोकले की आवाज थांबायचा आणि दहा मिनिटांनी पुन्हा सुरू व्हायचा. दोन-तीन दिवस असे गेल्यावर वळचणीपाशी एक भोक दिसले. भर दुपारी ते सिमेंटने बुजवून मी मोकळा झालो. संध्याकाळी पाहतो तर एक खार त्याच जागी नखांनी ओरबाडत होती आणि आतून बारीक चिरचिर ऐकू येत होती. पिले आत होती आणि आई बाहेर राहिली होती. अंधार पडायच्या आत छिन्नीने ते सिमेंट फोडले, खार आत गेली आणि पुढचे काही आठवडे मी ते छत जसेच्या तसे सोडून दिले.

खाली दिलेला पायऱ्यांचा क्रम त्या चुकीतून आला आहे. भोक बुजवणे हे काम खरोखरच करायचे आहे, किंबहुना टिकाऊ उपाय तोच एक आहे. फक्त ते सर्वांत शेवटी करायचे असते. हा लेख उंदीर, घूस, खार, वटवाघूळ, कबूतर आणि साप यांसारख्या लहान जीवांपुरता आहे. मोठा मांसाहारी प्राणी आवारात दिसल्यास स्वतः काहीही न करता दारे लावून घ्यावीत आणि वन विभागाला कळवावे.

कोणते साहित्य लागेल

- चांगला टॉर्च, भक्कम शिडी आणि शिडी धरायला दुसरा माणूस.
- जाड हातमोजे आणि तोंडावर घट्ट बसणारा, सूक्ष्म कण अडवणारा मास्क.
- ६ मिलिमीटर चौकटीची गॅल्व्हनाइज्ड वेल्डमेश जाळी, पत्रा कापायची कात्री, स्क्रू, रुंद वॉशर आणि ड्रिल.
- सिमेंट-वाळू, तसेच फटीत कोंबण्यासाठी स्टेनलेस स्टीलची किंवा तांब्याची लोकर. साधी लोखंडी लोकर गंजून वर्षभरात भुगा होते.
- खडू, जुनी वर्तमानपत्रे आणि थोडे पीठ. यांचा उपयोग पुढे येईल.
- एक वही. कोणत्या वेळी, कोठून आणि कसा आवाज आला, हे तारखेसह लिहावे आणि लेंड्यांचे व भोकांचे फोटो काढून ठेवावेत. पुढे वन विभागाशी किंवा ठेकेदाराशी बोलताना या नोंदी फार उपयोगी पडतात. घर भाड्याचे असेल किंवा छत सामाईक असेल, तर जाळी ठोकण्यापूर्वी मालकाची किंवा सोसायटीची लेखी परवानगी घ्यावी.

१. आत कोण आहे, ते आधी ओळखा

या पायरीवर घाई करू नका, कारण उंदराचा उपाय वटवाघळाला लागू पडत नाही आणि खारीचा कबुतराला.

पहिली खूण म्हणजे वेळ. दिवसाउजेडी, विशेषतः सकाळी आणि संध्याकाळपूर्वी धावाधाव होत असेल, तर बहुधा खार असते. रात्री भिंतीतून सरसर आणि कुरतडणे ऐकू आले, तर उंदीर समजावा. तिन्हीसांजेला फडफड आणि किचकिच होऊन मग शांतता पसरत असेल, तर वटवाघळांची शक्यता अधिक.

दुसरी खूण म्हणजे लेंड्या. घरातल्या लहान उंदराची लेंडी तांदळाच्या दाण्याहूनही लहान, ३ ते ६ मिलिमीटरची आणि टोकदार असते, तर मोठ्या उंदराची साधारण १२ ते १८ मिलिमीटर लांब असते. वटवाघळाची लेंडी दिसायला लहान उंदराच्या लेंडीसारखीच असल्याने इथे हमखास गोंधळ होतो. तिच्यावर काडीने किंचित दाब द्या. कीटक खाणाऱ्या वटवाघळाची सुकलेली लेंडी लगेच भुसभुशीत होऊन विखुरते आणि टॉर्चच्या उजेडात त्या भुग्यात किड्यांच्या पंखांचे चकचकीत कण दिसतात. उंदराची सुकलेली लेंडी टणक राहते. लेंडीच्या टोकाला पांढरा ठिपका असेल तर ती पालीची असते आणि मग एवढा खटाटोप करण्याचे कारण नाही. ही तपासणी हातमोजे व मास्क घालूनच करावी.

तिसरी खूण म्हणजे वाट. मोठे उंदीर रोज एकाच मार्गाने अंग घासत जात असल्याने भिंतीच्या कडेला किंवा पाइपाशेजारी तेलकट काळपट पट्टा उमटतो. असा पट्टा दिसला, तर त्याच्या दोन्ही टोकांपर्यंत जाऊन पाहावे. एक टोक निवाऱ्याकडे आणि दुसरे खाण्याकडे जाते.

भोक वापरात आहे की जुने, हे कळत नसेल, तर त्यात वर्तमानपत्राचा सैल बोळा बसवा आणि समोर पिठाचा पातळ थर भुरभुरवा. सकाळी बोळा ढकललेला असेल आणि पिठात पावले उमटलेली असतील, तर वाट चालू आहे. सलग तीन रात्री काहीच हलले नाही, तर ते भोक बहुधा वापरात नाही. अंगाखांद्याला पिले असलेली मादी मात्र एखाद-दुसरा दिवस कमी हालचाल करू शकते आणि थंड प्रदेशात हिवाळ्यात काही जीव निपचित पडून असतात, म्हणून एका रात्रीच्या शांततेवर विसंबू नये.

२. पिले आहेत का, याची खात्री करा

माझी चूक नेमकी इथे झाली होती. आई बाहेर राहिली तर पिले उपाशी मरतात. शिवाय आई आत शिरण्यासाठी छप्पर, पन्हळ, जाळी अशी समोर येईल ती वस्तू फोडते आणि मेलेल्या पिलांचा वास आठवडेच्या आठवडे घरात राहतो तो वेगळाच. दयाभाव बाजूला ठेवून निव्वळ हिशेब केला, तरी थांबणे स्वस्त पडते.

एकाच जागेतून येणारा बारीक चिरचिराट, तोंडात काड्या, कापूस किंवा चिंध्या घेऊन जाणारी मादी, आणि दिवसातून अनेक वेळा त्याच भोकात होणारी ये-जा, या पिले असल्याच्या खुणा आहेत. कबुतराची अंडी साधारण १७ ते १९ दिवसांत फुटतात आणि पिले आणखी चार-पाच आठवड्यांत उडू लागतात, म्हणजे पहिल्या अंड्यापासून मोजले तर साधारण दीड-दोन महिने थांबावे लागते. खारीची पिले स्वतः बाहेर हिंडू लागेपर्यंत काही आठवडे जातात. वटवाघळाची मादी बहुधा वर्षातून एकच पिलू देते आणि ते सुरुवातीचे काही आठवडे उडू शकत नाही. या काळात बाहेरची वाट बंद केल्यास सगळी पिले आतच राहतात. अनेक देशांत वटवाघळांना आणि पक्ष्यांच्या घरट्यांना कायद्याने संरक्षण आहे, तेव्हा घरटे हलवण्यापूर्वी आपल्याकडचा नियम वन विभागाकडून विचारून घ्यावा.

उंदरांच्या बाबतीत असे थांबणे व्यवहार्य नाही. लहान उंदराची मादी साधारण तीन आठवड्यांत विते आणि एका वेतात पाच ते आठ पिले सहज होतात, त्यामुळे “पिले मोठी होऊ देऊ” म्हणेपर्यंत पुढचे वेत येते. तिथे तिसरी आणि चौथी पायरी लगेच सुरू करावी.

३. येण्याचे कारण काढून घ्या

प्राणी घरात येतो तो खाणे, पाणी किंवा आडोसा यांपैकी कशासाठी तरी. त्यातले काय मिळत आहे, ते शोधून काढावे. धान्य आणि पाळीव प्राण्यांचे खाद्य धातूच्या किंवा जाड काचेच्या झाकणबंद डब्यात ठेवावे, कारण प्लॅस्टिकचा डबा उंदराला एका रात्रीचे काम आहे. पाळीव प्राण्याची उरलेली थाळी रात्रभर बाहेर ठेवू नये. कचऱ्याच्या डब्याला कडीचे झाकण असावे. पक्ष्यांसाठी दाणे टाकत असाल, तर खाली सांडणारे दाणे रोज उचलावेत. ते जमत नसेल तर दाणे टाकणे थांबवावे, हे ऐकायला कडू वाटले तरी. गळका नळ दुरुस्त करावा आणि पाण्याच्या टाकीवर पक्के झाकण बसवावे, कारण उघड्या टाकीत प्राणी पाणी प्यायला उतरतात आणि बुडून मरतात.

माकडांचा त्रास असलेल्या ठिकाणी तर ही पायरी म्हणजेच जवळजवळ सगळा उपाय आहे. त्यांना एकदाही हाताने खाऊ घालू नये. समोरासमोर आल्यास डोळ्याला डोळा भिडवू नये आणि हसून दात दाखवू नयेत, कारण माकड त्याचा अर्थ धमकी असा घेऊ शकते.

४. सगळ्या फटी शोधा. मुख्य वाट सोडून बाकीच्या बुजवा

लहान उंदराला ६ मिलिमीटरची आणि मोठ्या उंदराला साधारण १२ मिलिमीटरची फट पुरते. पेन्सिल आत जात असेल, तर उंदीरही जातो असे धरून चालावे. दिवसा छताच्या पोकळीत दिवा बंद करून पाच मिनिटे थांबल्यास बाहेरचा उजेड कोठून येतो ते आपोआप दिसते. त्या प्रत्येक जागी खडूने खूण करावी. पाइप भिंतीत शिरतात ती जागा, दाराखालची फट, छप्पर आणि भिंत यांचा सांधा, झरोके आणि वायर आत येण्यासाठी पाडलेले भोक, ही नेहमीची ठिकाणे आहेत.

सर्वांत जास्त वापरात असलेली वाट तेवढी उघडी ठेवून बाकीच्या बुजवाव्यात. लहान फटीत स्टीलची लोकर घट्ट कोंबून वरून सिमेंट लावावे. मोठ्या भोकावर जाळी बसवताना ती चारही बाजूंनी चार बोटे जास्त घ्यावी आणि स्क्रूला रुंद वॉशर लावावेत, नाहीतर कडेला दात घालून ती उचकटली जाते. नुसता फोम फवारून भोक बुजवण्याची पद्धत फार लोकप्रिय आहे आणि फार निरुपयोगी आहे. कुरतडणाऱ्या प्राण्यांचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि झिजवावेच लागतात; फोमचा त्यांना काही अडथळा होत नाही.

एक धोका आवर्जून सांगतो. गॅस गीझर, बॉयलर किंवा चूल यांचा धूर बाहेर जाण्याचा मार्ग कधीही बुजवू नका किंवा बारीक जाळीने कोंडू नका, कारण आत साचणारा कार्बन मोनॉक्साइड वायू प्राणघातक असतो. अशा धुराड्यावर त्याच्यासाठीच बनवलेली टोपी बसवून घ्यावी.

५. आतल्यांना स्वतःच्या पायांनी जाऊ द्या

खारीसाठी उघड्या ठेवलेल्या भोकावर जाळीची नळी बसवावी, जी भिंतीशी रुंद आणि बाहेरच्या टोकाला जेमतेम अंग जाईल एवढी अरुंद असेल. बाहेर पडलेल्या प्राण्याला त्या टोकातून परत शिरता येत नाही. बाहेरच्या टोकाशी तारांची टोके आत वळलेली राहिली, तर अंगाला जखम होते, म्हणून ती चिमट्याने दुमडून घ्यावीत.

वटवाघळांसाठी गुळगुळीत प्लॅस्टिकची, साधारण ५ सेंटिमीटर व्यासाची आणि २५ सेंटिमीटर लांबीची नळी उतरत्या दिशेने लावतात. वटवाघूळ सरपटत येऊन टोकातून खाली झेपावते, मात्र गुळगुळीत नळीत पकड मिळत नसल्याने परत वर चढू शकत नाही. ही व्यवस्था पाच ते सात रात्री ठेवावी. जोराचा पाऊस झालेल्या रात्री वटवाघळे बाहेर पडत नाहीत, त्यामुळे त्या रात्री मोजू नयेत. त्यानंतर पीठ आणि कागदाचा बोळा लावून तीन रात्री पाहावे आणि काहीच हलले नाही, तरच नळी काढून भोक कायमचे बंद करावे.

एखादे वटवाघूळ खोलीत शिरलेच, तर घराच्या आत उघडणारी दारे लावावीत, खिडक्या सताड उघडाव्यात, दिवे आणि पंखा बंद करावा आणि आपण बाहेर पडावे. बहुतेक वेळा ते थोड्या वेळात निघून जाते. त्याला उघड्या हाताने धरू नये. वटवाघूळ किंवा कोणताही वन्य सस्तन प्राणी चावला अथवा ओरखडला, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. वटवाघळाच्या चाव्याची खूण इतकी बारीक असते की ती दिसेलच असे नाही, त्यामुळे झोपलेल्या माणसाच्या खोलीत वटवाघूळ सापडले, तरीही डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

कबुतरांसाठी घरटे रिकामे झाल्यावर सज्जावर ५० मिलिमीटर चौकटीची जाळी ताणून लावावी. सैल जाळीत पक्ष्यांचे पाय अडकतात. अरुंद कठड्यावर ४५ अंशांहून अधिक उताराची गुळगुळीत पट्टी बसवली, तर पक्ष्यांना तिथे टेकता येत नाही.

पिंजरा लावून पकडायचे आणि लांब नेऊन सोडायचे, ही कल्पना मनाला बरी वाटते, पण मी तिच्या बाजूचा नाही. अमेरिकेत उपनगरातल्या ३८ राखाडी खारी पकडून मोठ्या जंगलात सोडल्यावर त्यांतल्या ९७ टक्के लवकरच मेल्या किंवा त्या परिसरातून नाहीशा झाल्या, असे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदवले आहे. अनोळखी जागी खाणे, लपण आणि शत्रू यांची काहीच माहिती नसते. इकडे आपले भोक उघडेच राहिल्याने रिकाम्या जागी दुसरा येतो. उंदरांसाठी पिंजरा लावावाच लागला, तर तो सकाळ-संध्याकाळ तपासावा. विसरलेल्या पिंजऱ्यातला उंदीर तहानेने मरतो.

६. आवार

भिंतीलगत अर्धा मीटर रुंदीचा पट्टा झाडोऱ्याविना मोकळा ठेवावा आणि छपराकडे झुकलेल्या फांद्या सुमारे अडीच मीटर मागे छाटाव्यात, कारण खारी उडी मारून येतात. लाकडे आणि विटांचे ढिगारे जमिनीपासून उचलून, भिंतीपासून लांब रचावेत. पायाखाली बीळ करणाऱ्या घुशींसाठी भिंतीलगत ३० सेंटिमीटर खोल जाळी पुरून तिचे खालचे टोक बाहेरच्या बाजूला तेवढेच वळवावे. खणणारा प्राणी आडव्या जाळीवर येऊन थांबतो आणि मागे सरकून खणण्याचे त्याला सहसा सुचत नाही.

साप येतो तो बहुधा उंदरांच्या मागावर किंवा आडोशासाठी. उंदीर आणि ढिगारे गेले की सापाचे येणे आपसूक कमी होते. कार्बोलिक ॲसिड, गंधक आणि डांबराच्या गोळ्या टाकल्याने साप दूर राहतात, हा समज खोटा आहे. उलट या वस्तू मुलांना, पाळीव प्राण्यांना आणि मातीला अपायकारक आहेत. बागेतली बारीक नायलॉनची जाळी जमिनीपासून उचलून बांधावी, कारण तिच्यात साप अडकून सोलवटून मरतात. साप घरात दिसल्यास मुलांना आणि कुत्र्या-मांजरांना दूर न्यावे, सुरक्षित अंतरावरून त्याच्यावर नजर ठेवावी आणि प्रशिक्षित सर्पमित्राला बोलवावे. मारायला किंवा पकडायला जाऊ नये.

७. साफसफाई

सुकलेल्या लेंड्या झाडूने झाडू नयेत. पक्ष्यांच्या आणि वटवाघळांच्या साचलेल्या विष्ठेत हिस्टोप्लाझ्मा नावाची बुरशी असू शकते आणि ती धुळीतून फुप्फुसात जाते; उंदरांच्या मलमूत्रातूनही आजार पसरतात. आधी अर्धा तास खिडक्या उघड्या ठेवाव्यात, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी यांचे मिश्रण फवारून पाच मिनिटे भिजू द्यावे, मग कागदाने उचलून पिशवीत बांधावे. ब्लीचमध्ये दुसरे कोणतेही साफसफाईचे द्रव्य मिसळू नये. विष्ठेचा थर जाड असेल, तर हे काम जाणकारांकडून करून घ्यावे.

८. ज्यांवर पैसे घालवू नयेत असे उपाय

अल्ट्रासॉनिक यंत्र मीही आणले होते. त्याचा आवाज भिंतीपलीकडे जात नाही आणि प्राणी त्याला लवकर सरावतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००१ साली अशा यंत्रांच्या साठांहून अधिक उत्पादकांना व विक्रेत्यांना, दाव्यांना शास्त्रीय आधार हवा, असा इशारा देणारी पत्रे पाठवली होती.

रक्त गोठू न देणारे उंदराचे विष लगेच मारत नाही. उंदीर काही दिवस अशक्त होत हिंडतो, त्याला घुबड किंवा मांजर खाते आणि विष पुढे जाते. भिंतीच्या आत मेलेल्या उंदराला बाहेर काढायचे कसे, हा प्रश्न मग आपलाच असतो.

ग्लू ट्रॅपबद्दल मात्र माझे मत कठोर आहे. मी बोलावलेल्या एका कीटकनाशक ठेकेदाराने न विचारता माळ्यावर चार ग्लू पॅड ठेवले. तिसऱ्या दिवशी एकावर पाल चिकटलेली होती, जिवंत, शेपटी तुटलेली. खाण्याचे तेल कापसाने थेंबथेंब सोडून ती सुटायला वीस मिनिटे लागली. चिकटलेला जीव तासन्‌तास धडपडत मरतो आणि कोण चिकटेल यावर आपला काहीच ताबा नसतो. इंग्लंडमध्ये २०२२ च्या कायद्यानुसार उंदरांसाठी विनापरवाना ग्लू ट्रॅप लावणे आता गुन्हा आहे.

९. ठेकेदार बोलावणार असाल तर

कोणती पद्धत वापरणार, विष किंवा ग्लू पॅड ठेवणार का, पिलांची तपासणी कधी करणार आणि फटी बुजवण्याचे काम दरात धरले आहे का, हे चारही मुद्दे काम सुरू होण्याआधी लेखी घ्यावेत. “फवारणी केली की झाले” असे सांगणाऱ्याला नम्रपणे परत पाठवावे. फवारणीने भोक बुजत नाही.

काम संपल्यावर पहिल्या महिन्यात दर आठवड्याला आणि नंतर ऋतू बदलताना खडूच्या सगळ्या खुणा पुन्हा तपासाव्यात. माझ्या वळचणीपाशी बसवलेल्या जाळीचा एक स्क्रू पहिल्याच पावसाळ्यानंतर सैल झालेला सापडला. तो घट्ट करायला दोन मिनिटे लागली. खार समोरच्या फांदीवर बसून ते पाहत होती.